उसन्या नावाचा हात

भाईंदरजवळच्या राई गावच्या स्मशानात काकांना शेवटचा नमस्कार करायला आम्ही रांगेत उभे होतो. माझ्या पुढच्या माणसाने हात जोडले, पण ते नीट जुळेनात. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. त्याच्या पुढच्याला डावा पंजाच नव्हता. त्याने उजवा हात छातीला लावला, मान वाकवली आणि बाजूला झाला. काकांचे भाऊबंद लांबून बघत होते. ही कोण माणसं आपल्या म्हाताऱ्याच्या मयताला आलीत, कुणी हिंदी बोलतंय, कुणी तेलुगू, कुणी भाईंदरचं, कुणी पार वसईचं, हे त्यांना उमगत नव्हतं. बायकांनी स्मशानात जाऊ नये असंही त्यातल्या एकाने मला ऐकवलं. मी ऐकलं नाही. काकांनी मला शेवटच्या दोन वर्षांत जेवढं ऐकवलं होतं त्यापुढे हे काहीच नव्हतं.

काकांना कुणी समाजसेवक म्हटलेलं खपायचं नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाने त्यांचा सत्कार करायचं काढलं, तेव्हा शालीऐवजी दोन रीम कागद द्या, असा निरोप काकांनी पाठवला. सत्कार राहिला तो राहिलाच. ते राईचे, खाडीकाठच्या शेतकऱ्या-मच्छीमारांच्या घरातले, सातवी शिकलेले. गावातून कारखान्यात कामाला गेलेल्या पहिल्या पोरांपैकी एक. स्टीलची भांडी बनवायच्या कारखान्यात प्रेस मशीनवर त्यांचा उजवा हात चिरडला होता. बोटं पाचही जागेवर होती, पण अर्धी मिटलेली, आणि तशीच ताठ झालेली. त्या हाताने ते पिशवी अडकवायचे, दार ढकलायचे आणि माणसांना दटावायचे.

माणूस समोर आला की ते आधी हात बघायचे आणि मग तोंड. नाव विसरायचे, हात विसरायचे नाहीत. कामगार विम्याच्या नियमात कुठल्या बोटाला किती टक्के अपंगत्व धरतात तो तक्ता त्यांना तोंडपाठ होता. अंगठा गेला तर तीस, एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास. राईच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणायचे, "तुजे चौदा होतात. घेतलेस का?" नव्या माणसाला वाटायचं, हा कुणी दलाल आहे. एका लग्नात तर त्यांनी नवऱ्या मुलाच्या हातात आहेर ठेवता ठेवता त्याचं तुटलेलं बोट धरून ठेवलं आणि अर्ज केला का म्हणून विचारलं. नवरी लाजेने अर्धी झाली. पण त्या पोराने अर्ज केलेला नव्हता, आणि महिन्याभराने तो काकांच्या ओट्यावर बसलेला होता.

तो ओटा म्हणजे काकांचं ऑफिस. बाजूला जुनं जाळं टांगलेलं, त्याखाली पत्र्याचे डबे, आणि डब्यांत फायली. खाडीच्या हवेने टाचण्या गंजतात आणि कागद खातात, म्हणून काका फायली जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने शिवायचे. त्यासाठी जाळं विणायची लाकडी सुई होती. डाव्या हाताने ते अशी गाठ मारायचे की कात्रीशिवाय एकही पान निघत नसे. विम्याच्या ऑफिसातले कारकून वैतागायचे. एकाने एकदा फाईल फेकून दिली आणि साधी टाचणी लावून आणा म्हणाला. काकांनी फाईल उचलली, फुंकर मारली आणि परत त्याच्याच टेबलावर ठेवली. टाचणी लावली की आमचं एक पान तुमच्या खणात ऱ्हातं, एवढंच ते म्हणाले. कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारला.

वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्याची वेळ यायची. ज्यांना दर महिन्याला अपंगत्वाचा लाभ मिळतो त्यांनी आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायचं असतं, नाहीतर लाभ थांबतो. काका यादी घेऊन दारोदार फिरायचे. "जिवंत हायस ना? मंग सही कर," हे त्यांचं दारातलं पहिलं वाक्य. ताप असो, सुतक असो, नवरा-बायकोचं भांडण चालू असो, सही झाल्याशिवाय ते उंबरा सोडत नसत.

त्यांची स्वतःची गोष्ट ते फार कमी सांगायचे, आणि सांगितली की चिडून सांगायचे. चिरडलेल्या हाताची तपासणी करायला त्यांना मेडिकल बोर्डापुढे बोलावलं होतं. बोट तुटलं तर तक्त्यात आकडा ठरलेला असतो, पण बोट जागेवर राहून निकामी झालं तर किती टक्के द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. डॉक्टरांनी विचारलं, या हाताने काय काय करता येतं? काका तेव्हा पंचविशीतले, नुकतं लग्न झालेलं, आणि बायको दाराबाहेर बसलेली. त्यांनी खिशातून दोरा काढला आणि त्या ताठ बोटांत धरून, दातांनी ओढून, जाळ्याची गाठ मारून दाखवली. दोन महिने घरी बसून तेवढीच एक गाठ त्यांनी घोटली होती. डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि कागदावर अगदी किरकोळ टक्के लिहिले. त्या एका गाठीने जन्मभराचं पोट कापलं, असं काका म्हणायचे.

तेव्हापासून बोर्डापुढे जाणाऱ्या प्रत्येकाची ते ओट्यावर तालीम घ्यायचे. खोटं बोलायला शिकवत नसत. शर्टाचं बटण लाव, तांदळाचा दाणा उचल, चड्डीची नाडी बांध. जमलं तर जमलं सांगायचं, नाही जमलं तर नाही. हे दुसरं सांगणं पुरुषांना जमत नाही, हा त्यांचा अनुभव होता. घामाघूम होतील, दाणा दहा वेळा पाडतील, पण होतंय होतंय म्हणत राहतील. मग काका ओरडायचे, "डॉक्टरापुढं मर्दपना दाखवाचा न्हाय. तो घरी जाऊन दाखव, थितं टक्के मिळत न्हाईत."

आता आमची गोष्ट. ती सांगताना मला स्वतःला फार चांगलं म्हणवून घेता येणार नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

आम्ही मूळचे परळचे. खोली विकून भाईंदरला इंद्रलोक वस्तीत वन रूम किचन घेतलं आणि त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची, विलासची, नोकरी गेली. मी मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात एका एक्स-रे क्लिनिकच्या काउंटरवर बसते, त्यावर घर ओढत होते. धाकटा दीर प्रमोद भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर होता. त्याचं विम्याचं कार्ड होतं, पगारातून पैसे कापले जायचे. बायकोच्या, सीमाच्या, बाळंतपणासाठी तो महिनाभर तिच्या गावी गेला. महिनाभर मशीन रिकामं राहिलं तर ठेकेदार दुसरा माणूस घेणार, म्हणून प्रमोदने मोठ्या भावाला आपल्या जागी पाठवलं. हजेरी प्रमोदची, कार्ड प्रमोदचं, हात विलासचे. हे त्या गाळ्यांमध्ये सर्रास चालतं. भाऊ भावाच्या जागी, मेव्हणा मेव्हण्याच्या जागी उभा राहतो. ठेकेदाराला मशीन चालू राहण्याशी मतलब असतो, आणि घरच्यांना वाटतं की नोकरी राखली.

बाविसाव्या दिवशी विलासच्या उजव्या हाताची चारही बोटं प्रेसखाली गेली. शेजारच्या प्रेसवरच्या लालजीने मशीन बंद करून आपल्या गमछ्यात तो हात गुंडाळला आणि त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात ठेकेदाराने नाव प्रमोदचं लिहिलं. मी पोचले तेव्हा तो मला समजावायला लागला, "भाई-भाई में क्या है भाभी. कार्ड चालू है, इलाज हो जाएगा, पेन्शन लगेगी. सच बोलोगे तो दोनों बाहर." मला ते पटलं. तेव्हा मला काहीही पटलं असतं.

चौथ्या दिवशी काका आले. कुणी सांगितलं होतं देव जाणे, त्यांच्यापर्यंत अशा बातम्या पोचायच्याच. प्रमोद गावाहून धावत आला होता आणि खाटेशी बसला होता. काकांनी आधी विलासचं बँडेज बघितलं, मग प्रमोदचे हात, मग खाटेला लावलेला कागद. प्रमोदला नाव विचारलं. तो भाबडा, त्याने चटकन खरं नाव सांगून टाकलं.

"आनि ह्याचा?" काकांनी विलासकडे बोट केलं.

काका खाली बसले आणि हळू आवाजात त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. कायदा मशीनवर कोण होता ते बघतो, नाव कुणाचं ते नंतर. विलास मशीनवर होता, त्या गाळ्यातल्या सात माणसांनी बघितलं होतं, आणि आज ते सातही जण भाईंदरात होते. आज खरं सांगितलं तर त्रास होईल, पण हात विलासचा आहे तर लाभही विलासच्या नावाने मिळेल. विलासने भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, काका, आम्हाला आत्ता नवीन लफडं नको. ते उठले. "खोटा कागद मी शिवत न्हाय. चुगलीपन करत न्हाय. खरं बोलाचं झालं की राईला या," म्हणाले आणि गेले.

विलास प्रमोद म्हणून बोर्डापुढे गेला. दोघा भावांचा तोंडावळा सारखा, कार्डावरच्या फोटोवरून कुणाला शंका आली नाही. चार बोटांचे पन्नास टक्के लागले. तो डाव्या हाताने प्रमोदच्या नावाची सही करायला शिकला. उजवा हात गेला म्हणून सही बदलली, असंच सगळ्यांना वाटलं. लाभ प्रमोदच्या खात्यात यायचा आणि प्रमोदने त्याचं एटीएम कार्ड पहिल्याच महिन्यात माझ्या हातात आणून ठेवलं. असा दीर मिळायला भाग्य लागतं, असं मी तेव्हा सगळीकडे सांगायचे.

आम्ही प्रमोदचं काय घेतलं ते मला कळत नव्हतं असं नाही. कागदावर त्याची चार बोटं गेली होती. त्याच कारखान्यात दहा बोटं घेऊन तो परत जाऊ शकत नव्हता. दुसरीकडे विमा कापणाऱ्या नोकरीला लागला असता तर विम्याचा तोच नंबर निघाला असता आणि सगळं उघडं पडलं असतं. मग त्याने बिनकागदाचं काम धरलं. बिल्डिंगला बाहेरून रंग देणाऱ्यांच्या टोळीत तो दोरीच्या झुल्यावर बसायला लागला. तीन वर्षं तो असा हवेत काम करत होता. काका त्या तीन वर्षांत दर दाखल्याच्या वेळी आमच्या दारात यायचे, पाणी प्यायचे, विलासच्या हाताकडे बघायचे आणि एक शब्द न बोलता जायचे. मला त्यांचा संताप यायचा. हा म्हातारा आपल्याला टोचायला येतो, असं मी विलासला म्हणायचे.

प्रमोद पडला तो बेव्हर्ली पार्कातच, माझ्या क्लिनिकपासून दहा मिनिटांवर, सातव्या मजल्यावरून. टोळीवाला मुकादम त्याच दिवशी फोन बंद करून गायब झाला. प्रमोदचं नाव त्या कामाच्या कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यामुळे सीमाला आणि तिच्या तीन वर्षांच्या पोरीला कुठूनही काही मिळायचं नव्हतं. काका मयताला आले होते. त्यांनी खांदा दिला.

आणि आता माझी गोष्ट. प्रमोदला जाऊन आठ दिवसही झाले नव्हते. दाखल्याचा महिना होता. मी क्लिनिकच्या काउंटरवर बसून फॉर्म भरला. त्यात लिहिलं की प्रमोद हयात आहे. तसं कर म्हणून विलासने मला सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मनात एवढंच होतं की विम्याच्या ऑफिसला कोण कळवणार आहे, बँकेचं कार्ड माझ्याकडेच आहे, आणि हा लाभ थांबला तर आम्ही खायचं काय. फॉर्म घरी आणून टेबलावर ठेवला, विलासची सही घ्यायला.

संध्याकाळी सीमा आली. तिच्या हातातही एक फॉर्म होता, निराधार विधवांच्या सरकारी मदतीचा. वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे, भरून द्याल का, म्हणाली. तो ठेवायला तिने टेबलावर जागा केली आणि माझा फॉर्म वाचला. सावकाश वाचला. मग आपला फॉर्म उचलून घडी घातली, आज राहू दे म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन गेली. तिने मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका आले. पाणी मागितलं नाही. विलास, सीमा आणि मी, तिघांना समोर बसवलं.

"मेला कोन, ते आधी ठरवा," ते म्हणाले. "प्रमोद मेला असंल तर प्रमोदचा लाभ बंद. प्रमोद जिवंत असंल तर ही पोर विधवा न्हाय, हिला काय मिळाचं न्हाय. मंग मी खांदा दिला तो कोनाला?"

मी उसळले. तुमचं काय जातं, तुम्हाला आमच्या घरात कुणी बोलावलं, असं खूप काही बोलले. काका ऐकत राहिले. विलास आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "माझा भाऊ मेला. बोटं माझी गेली." एवढंच. मी आत जाऊन फॉर्म फाडला. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही, नुसती भीती वाटली.

ती भीती खरी ठरली. विलासने काकांबरोबर जाऊन ऑफिसात सगळं लिहून दिलं आणि त्याच महिन्यात लाभ थांबला. तीन वर्षांत घेतलेलं परत करा, अशी नोटीस आली. सीमाचा फॉर्म मीच भरला आणि तिची मदत सुरू झाली. तेवढं एक घडलं. विलासने स्वतःच्या नावाने नवीन अर्ज केला. उशीर का झाला, त्याचा वेगळा. काकांनी फाईल शिवली. पण कारखान्याने लिहून दिलं की विलास नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. विलास त्या दिवशी त्या मशीनवर होता हे सांगणारा एक माणूस हवा होता. तो मिळाला तर लाभ, नाहीतर काही नाही, शिवाय नोटीस डोक्यावर.

सातांतले चौघे आपापल्या मुलखात निघून गेले होते. एक वारला होता. एकाचा पत्ताच लागला नाही. उरला लालजी, त्याच गाळ्यात, त्याच प्रेसवर.

काका पहिल्यांदा त्याच्या खोलीवर गेले तेव्हा मी बरोबर होते. लालजीने खोटं सांगितलं नाही. "देखा तो है चाचा. मेरे ही गमछे में बांधा था. लेकिन बोलूंगा तो कल से कहां जाऊंगा?" त्याची बायको दारात उभी होती, मागे दोन मुली. काकांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले. परत येताना मी चिडून विचारलं, बरोबर काय आहे? तर म्हणाले, त्याचंही बरोबर हाय बाय, म्हणूनच अवघड हाय.

त्यानंतर चौदा महिने काका दर रविवारी लालजीकडे गेले. राईहून बस, स्टेशन ओलांडून पूर्वेला, मग पायी. साक्षीचा विषय त्यांनी परत काढला नाही. जाताना घरच्या वाडीतली चार वांगी, कधी सुके बोंबील घेऊन जायचे. उंबऱ्यावर बसायचे, चहा प्यायचे, यायचे. एवढं मात्र केलं की लालजीचं कार्ड बघितलं, नाव-फोटो त्याचाच आहे ना याची खात्री केली, आणि बायकोचं नाव त्यात घालायला लावलं. आमच्या कामाला याचा काय उपयोग, असं मी विचारलं तर माझ्यावर खेकसले. मला ते चौदा महिने फार लांब गेले. मी सकाळी क्लिनिक आणि संध्याकाळी एका मेडिकल दुकानात उभी राहायचे. घरी आले की विलासशी भांडायचे. काका म्हातारे झालेत, त्यांच्या भरवशावर बसलो तर मरू, असंही म्हणायचे.

मधल्या काळात त्यांनी विलासची तालीम घेतली. पूर्वीच्या बोर्डाला तो प्रमोद होता. आता विलास म्हणून पुन्हा तपासणी होणार होती. चार बोटांचा आकडा तक्त्यात ठरलेला, त्याला तालमीची गरज काय, असं मी म्हटलं. काका म्हणाले, आकड्यासाठी न्हाय. ओट्यावर बसवून शर्टाचं बटण लावायला सांगितलं. अपघातापासून विलास घरात टी-शर्ट घालत होता आणि मला वाटायचं त्याला तेच आवडतात. अंगठ्याने ते बटण तो ढकलत राहिला, निसटलं, पुन्हा ढकललं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही जमत." इतक्या वर्षांत हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी तिथेच रडले. काका जाळ्यामागे जाऊन काहीतरी शोधत राहिले.

निकाल पुढे आमच्या बाजूने लागला, हे आताच सांगून टाकते. जुन्याची वसुली कापून का होईना, लाभ आज विलासच्या नावाने, विलासच्या खात्यात येतो. काकांनी तो सुरू झालेला बघितला आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पण मला सांगायचंय ते निकालाचं नाही, त्याआधीच्या एका रविवारचं.

दुपारची वेळ होती. मी भात उतरवत होते. काका दारात आले आणि तिथूनच म्हणाले, "साक्षीदार मिळाला. लालजी बोलाला तयार हाय."

विलास उठून उभा राहिला. मी हातातली सांडशी बाजूला टाकली. चौदा महिन्यांत कधी हसले नव्हते इतकी मी हसले. या, बसा, जेवूनच जायचं, असं काय काय बोलत मी पाट मांडला, पाणी दिलं, वहिनीला आधी फोन कर म्हणून विलासच्या मागे लागले. म्हणजे सीमाला, आनंदात मला नावंही धड सुचेनात. देवाने त्याला बुद्धी दिली, म्हणाले. मग विचारलं, एवढं मनवलंत तरी कसं त्याला?

काका बसले नव्हते. पाण्याचा तांब्या त्यांनी तसाच धरला होता.

"काल त्याचा हात गेला," ते म्हणाले. "त्याच्याच मशीनवर. मनगटापासून. बोल्ला, चाचा, अब क्या निकालेंगे मुझे. अब लिख लो."

विलासने हातातला फोन खाली ठेवला. पण खरं सांगायचं तर माझ्या आतला आनंद लगेच गेला नाही. तोंडावरचं हसू मी पुसलं आणि आत ते तसंच चालू राहिलं, साक्षीदार मिळाला, साक्षीदार मिळाला. त्या दोन मुली मला दिसत होत्या, तरी चालू राहिलं. काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्यापासून काही लपायचं नाही.

"हसलीस," ते म्हणाले. "मी बी हसलो, बाय. त्याच्या खाटेशी उभा ऱ्हाऊन हसलो. त्याच्या बायकोने बघितलं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे केला. तो आमचा नव्हता, लालजीचा होता. कामावरच्या अपघाताची खबर चोवीस तासांत द्यायची, आणि त्यातले वीस होऊन गेले होते. मी भाताचं पातेलं बाजूला सारलं, हात पुसले आणि त्याचं नाव लिहायला घेतलं.